घाटाची वळणं पुन्हा अंगवळणी पडताना

परत गाडीवर बसू लागल्यावर तिसऱ्याच रविवारी पुण्याजवळच्या पाबे घाटातल्या एका डाव्या वळणावर माझी बाइक वळायची सोडून सरळ निघाली. पलीकडची लेन ओलांडून थेट कठड्याकडे. वेग जेमतेम ३५. रस्ता कोरडा, टायर नवेकोरे, नशिबाने समोरून कोणी येत नव्हतं. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबले, इंजिन बंद केलं आणि बाजूच्या दगडावर बसून राहिले. बोटं थरथरत होती.

कारण शोधायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. वळणात शिरताना समोर कठडा दिसला, त्यामागची दरी दिसली आणि नजर तिथेच खिळली. दुचाकी आपण बघतो तिकडे जाते. हे मला विसाव्या वर्षी पक्कं माहीत होतं. मधली आठ वर्षं कारमध्ये आणि ऑफिसच्या कॅबमध्ये गेली आणि नजरेची सवय मोडली. हातांना क्लच-गिअर आठवत होते, डोळ्यांना वळण आठवत नव्हतं.

माझी गाडी २०१२ ची यामाहा आर१५. दीडशे सीसी, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मुलीच्या जन्मानंतर ती कव्हरखाली गेली ती तिथेच राहिली. पुण्यातल्या किती सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अशी एखादी स्पोर्ट बाइक धूळ खात उभी असते आणि तिचा मालक लिफ्टकडे जाताना रोज तिच्याकडे एक नजर टाकतो, हे मी बघते. हा लेख त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी क्रम चुकवला, रिकाम्या रस्त्यावरचा सराव अर्धवट सोडून घाटात गेले. खालचा क्रम ती चूक सुधारून लिहिला आहे. या सगळ्याला मला चार महिने लागले, तुम्हालाही लागू द्या.

आधी गाडी

सुरुवात टायरपासून करा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, आणि एकाच जागी उभ्या गाडीचा टायर खालून चपटाही होतो. नख रुतवून बघा. प्लास्टिकच्या डब्यासारखं लागलं तर दोन्ही टायर बदला. घाटात आपला आणि डांबराचा संबंध तळहाताएवढ्या दोन ठिपक्यांपुरता असतो, तिथे पैसे वाचवू नयेत. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार न झुकवता चालवा.

हवा मात्र दर वेळी, टायर थंड असताना. किती, हे गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पंपावरचा पोऱ्या ‘मॅडम, चाळीस टाकू?’ विचारेल, त्याला आकडा सांगा. हवा जास्त झाली की रस्त्याला टेकणारा रबराचा भाग कमी होतो आणि खडबडीत रस्त्यावर पुढचं चाक नाचतं.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइल. याकडे फार दुर्लक्ष होतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हातात पोकळ लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर घाट बघायच्या आधीच. त्याच वेळी पॅड आणि कॅलिपरचे पिस्टन बघून घ्या, उभ्या गाडीत ते जाम होतात.

मग चेन. चेन मध्यभागी वर-खाली किती हलायला हवी ते पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिलीमीटरच्या आसपास. चेन साफ करताना चाक हाताने फिरवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिलेत. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि चेनच्या मध्ये बोट गेलं तर ते परत मिळत नाही.

बाकी गोष्टी मेकॅनिककडून एका दिवसात होतात: इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरी, पुढच्या फोर्कमधून (पुढच्या चाकाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून) तेल पाझरतंय का, हँडलच्या बेअरिंगमध्ये खाच पडली आहे का. टाकीतलं अनेक महिन्यांचं पेट्रोल काढून टाका. गाडी त्यांच्याकडे सोडून जाऊ नका, शेजारी स्टूलवर बसा. आमच्या मेकॅनिककाकांनी जुना पॅड माझ्या हातात ठेवून ‘हा बघ, काचेसारखा झालाय’ म्हणून दाखवलं, तेव्हा माझी गाडी थांबायला इतकी का कुरकुरते ते कळलं.

कागद

पटकन सांगते. जुन्या नियमांप्रमाणे विशीत काढलेल्या लायसन्सची मुदत २० वर्षांची असे, म्हणजे चाळिशीच्या आसपास ते गुपचूप संपतं. खाजगी गाडीचं आरसी पुस्तक नोंदणीपासून १५ वर्षं चालतं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते. विमा आणि पीयूसीच्या तारखा आजच बघा.

अंगावर काय, आणि अंगात काय

हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय खुणेचं. जुनं हेल्मेट कपाटात पाच-सात वर्षं पडून असेल तर आतला थर्माकोल आणि स्पंज दोन्ही थकलेले असतात, नवं घ्या. दुकानात डोक्यावर घालून दहा मिनिटं बसा. गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखायला नको. नाना पेठेत एका सकाळी चार दुकानं फिरलात तर मापाचं मिळतंच. हातमोजे, घोटा झाकणारे बूट, आणि खांदा-कोपर-गुडघ्याला पॅड असलेलं जॅकेट-पँट. पुण्याच्या उन्हाळ्यासाठी जाळीचं जॅकेट घेतलंत तर ते खरोखर अंगावर राहील. जाड जॅकेट मार्चनंतर खुंटीला लटकतं आणि माणूस टी-शर्टवर निघतो.

स्पोर्ट बाइकवर बसायची ढब वेगळी असते. हँडल खाली, फूटपेग मागे आणि वर. परतलेल्या प्रत्येकाची पहिली तक्रार असते, मनगटं दुखतात. मनगटं दुखतात कारण छातीचा सगळा भार आपण त्यांच्यावर टाकतो. भार टाकायचा गुडघ्यांवर आणि पोटावर. दोन्ही गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, पाठ किंचित गोल, कोपरं वाकलेली, खांदे सैल. चालता चालता कोपरं वर-खाली हलवून बघा. ती सहज हलली तर हात मोकळे आहेत. हलली नाहीत तर तुम्ही हँडलला लोंबकळताय, आणि हात ताठ असतील तर पुढचं चाक त्याचं काम करू शकत नाही. घरी रोज दोन-तीन मिनिटं प्लँक, मानेचे आणि मनगटाचे साधे व्यायाम, एवढ्यावर महिन्याभरात फरक पडतो. मला पडला.

रिकामा रस्ता आणि खडूच्या खुणा

घाटाच्या आधी किमान चार सकाळी यासाठी ठेवा. शहराच्या कडेला अर्धवट राहिलेले डीपी रस्ते (विकास आराखड्यातले रस्ते) असतात, एखादं मैदान परवानगीने मिळतं. सोबत कोणीतरी हवं, आणि खिशात खडू.

पहिला सराव ब्रेकचा. खडूने एक रेघ मारा, ३० च्या वेगाने या आणि रेघेवर ब्रेक सुरू करा. पुढचा ब्रेक लिंबू पिळतो तसा: आधी साल दबते, मग रस येतो. झटका दिला की चाक लॉक होतं. हळूहळू दाब वाढवला की वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मग तो कितीतरी जास्त जोर पेलतो. मागचा ब्रेक सोबतीला, हलका. कुठे थांबलात तिथे खूण करा. मग ४०, मग ५०. भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. तुमच्या गाडीला असेल तर ते काम करताना लिव्हर कसा धडधडतो हे इथेच अनुभवा, म्हणजे घाटात घाबरून सोडणार नाही.

आणि हा हिशोब मनात ठेवा. ४० च्या वेगात, धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या सपाट रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला साधारण २० मीटर लागतात. ६० ला ३७ मीटर. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. घाटात वळणापलीकडचं किती दिसतं? बरेचदा वीस-पंचवीस मीटर.

दुसरा सराव एकदम हळू. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, आणि इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहा. पाय खाली न टेकवता. मान वळवून पुढचं वळण बघा. चाकाच्या पुढ्यात बघितलंत की पाय टेकलाच समजा.

तिसरा सराव मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. सरळ रस्त्यावर ४० च्या वेगाने जाताना डाव्या तळहाताने हँडलची डावी बाजू किंचित पुढे ढकला. गाडी डावीकडे झुकेल. उजवीकडे जायचं तर उजवी बाजू पुढे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. होतं असं: डावी बाजू पुढे ढकलली की पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळतं, टायर गाडीच्या वजनाखालून उजवीकडे सरकतो, त्यामुळे गाडी डावीकडे कलते, आणि कलल्यावर हँडल आपसूक डावीकडे वळून तोल साधतं. आपण सगळे सायकलवरही नकळत हेच करत आलो. फरक इतकाच की घाटात ते जाणूनबुजून करता आलं पाहिजे. वळण अंदाजापेक्षा बारीक निघालं तर घाबरलेला माणूस हँडल धरून गोठतो. ज्याला ‘अजून थोडं ढकल’ एवढं आठवतं, त्याची गाडी आणखी झुकते आणि वळते. पाबे घाटात मी गोठले होते.

कोणता घाट आधी

पुणेकरांचं भाग्य म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरवर सह्याद्री सुरू होतो. पण सगळे घाट सारखे नाहीत.

पहिले दोन-तीन रविवार खडकवासल्यावरून पानशेतकडे जा. रस्ता धरणाच्या पाण्याकडेने सौम्य वळतो, फार चढ नाही, पुढचं दिसतं. तिथे वळणांची लय परत येते. बोपदेव आणि दिवे घाट जवळ पडतात म्हणून सगळे तिकडे पळतात. मला ते परतणाऱ्यांसाठी पटत नाहीत. बोपदेवचा चढ तीव्र आहे आणि सकाळी सात वाजल्यानंतर सासवडकडून येणारी-जाणारी गर्दी सुरू होते. दिवे घाट रुंद आहे, म्हणून लोक तिथे वेग धरतात. मस्तानी तलाव बघायला एखाद्या पहाटे थांबा, सरावाला दुसरीकडे जा.

त्यानंतर ताम्हिणी. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी धरण, आणि मग ताम्हिणी गावाच्या पुढे निवे, विळे, माणगाव. मुळशीपर्यंत चाळीसेक किलोमीटर, तोवर टायर आणि माणूस दोघेही गरम होतात. पहिल्या खेपेला ताम्हिणी गावातूनच परत फिरा. खाली उतरण्याचा मोह पुढच्या खेपेला. विळे-भागाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे या घाटात मोठे ट्रकही असतात, हे डोक्यात असू द्या. वाटेत पाण्याकडेला एकदा थांबाच. हे टाटांचं वीजनिर्मितीचं धरण. याच पाण्याखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत मावळातले शेतकरी उभे राहिले, तो मुळशी सत्याग्रह इथला. आपण ज्या रस्त्यावर मजा करायला येतो तो कुणाच्या शिवारातून गेलाय, हे तिथे उभं राहिलं की जाणवतं, आणि पुढच्या गावातून जाताना हात आपोआप थ्रॉटलवरून (अ‍ॅक्सिलरेटरवरून) सैल होतो.

मग भोर. नीरा देवघरच्या पाण्याकडेने वरंधा घाट, वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजी, परत. किंवा भोर-मांढरदेवी-वाई आणि पुढे पसरणी घाटाने पाचगणी. पाबे घाट या सगळ्यांच्या शेवटी ठेवा. अरुंद, तीव्र चढाचा, सुंदर, आणि चुकांना जागा न ठेवणारा आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. पावसाळ्यात दरडी, धुकं आणि रस्त्याकडेचं शेवाळ असतं, वरंधा तर अनेकदा बंदच ठेवतात. घरातून पहाटे सहाला निघा. ताम्हिणीला सकाळी जाताना सूर्य पाठीशी असतो, संध्याकाळी गेलात तर डोळ्यांवर येतो. साडेनऊच्या आत परतीला लागा, कारण त्यानंतर गाड्या वळणावरच उभ्या करून फोटो काढणारी कुटुंबं येतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रस्ता गारठलेला असतो, पहिली दहा-पंधरा मिनिटं टायर थंड धरूनच चालवा.

एक वळण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वळण दिसलं. गाडी सरळ उभी असतानाच ब्रेक, आणि गिअर खाली. घाटात दुसरा-तिसरा गिअर. इंजिन ना गुरगुरत, ना किंचाळत, मधल्या सुरात असावं. वळणात शिरायच्या आधी वेग असा हवा की ‘थोडा जास्तच कमी झाला’ असं वाटावं. हळू शिरून बाहेर पडताना वेग वाढवता येतो. जोरात शिरून आत कमी करणं फार अवघड.

आता नजर. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकत्र मिटलेल्या दिसतात, त्या जागेकडे बघा. तुम्ही पुढे जाल तशी ती जागाही पुढे पळत असेल, तर वळण उघडतंय, थ्रॉटल द्यायला हरकत नाही. एकाच ठिकाणी थांबली असेल तर वळण तसंच चालू आहे. तुमच्याकडे येऊ लागली तर वळण आवळतंय, वेग कमी हवा. अनोळखी घाटातही ही एक खूण पुरते. रस्त्यावरचा खड्डा नजरेच्या कोपऱ्याने दिसतोच, त्याच्याकडे टक लावली तर चाक त्यातच जाणार.

मान वळवा, हनुवटी बाहेर पडायच्या दिशेला. मग तळहाताने ढकला. गाडी झुकली की थ्रॉटल अगदी बारीक उघडा ठेवा, कागद सरकवावा इतका. थ्रॉटल एकदम बंद केला तर वजन पुढच्या चाकावर कोसळतं आणि गाडी अडखळते. बारीक चालू ठेवला की वजन दोन्ही चाकांवर बसतं आणि गाडी रुळावर असल्यासारखी वळते. हीच ती संवेदना, जिच्यासाठी आपण परत आलो आहोत. टाकीला गुडघा टेकलेला, इंजिनाचा सूर न बदलता चाललेला, आणि रस्ता आपल्याखालून वाकत जातो. निव्याच्या अलीकडे लागोपाठच्या तीन वळणांत मला ती पहिल्यांदा परत मिळाली. वेग ४० होता. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडले.

४० पुरेसा कसा, याचं गणित साधं आहे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ४० च्या वेगाला गाडी साधारण २३ अंश झुकते. ५० ला ३३ अंश, ६० ला ४३. म्हणजे २३ अंशांवर असताना खडी दिसली तर आणखी झुकायला किंवा थोडा ब्रेक लावायला टायरकडे भरपूर पकड शिल्लक असते. ४३ वर जवळजवळ काही उरत नाही. रेसच्या ट्रॅकवर डांबर धुतल्यासारखं स्वच्छ असतं आणि पलीकडे मोकळी जागा असते. आपल्याकडे पलीकडे एसटी असते.

जागा कुठली धरायची? आपली लेन, तीही सगळी नाही. उजव्या वळणात गाडी मध्यरेषेपासून निदान मीटर-दीड मीटर डावीकडे हवी, कारण झुकल्यावर आपलं डोकं रेषेच्या पलीकडे जातं आणि समोरून येणारा ट्रक त्याच रेषेला चिकटून येतो. डाव्या वळणात आतली कड टाळा. ट्रकची मागची चाकं तिथली साइडपट्टी कापतात आणि खडी रस्त्यावर ओढून आणतात. दोन्ही प्रकारच्या वळणांत जरा उशिरा वळा. बाहेर पडायची वाट दिसेपर्यंत बाहेरच्या बाजूने जा, दिसली की मग वळवा. जास्त दिसतं आणि शेवटी लेनबाहेर फेकले जात नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, लाज वाटू देऊ नका. एसटीला वळायला पूर्ण रस्ता लागतो, ती दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबून तिला जाऊ द्या. ड्रायव्हरकाका हात करतात, छान वाटतं.

उतरताना

चढापेक्षा उतार अवघड. वजन आधीच पुढे असतं, ब्रेकचं अंतर वाढतं, मनगटांवर ताण येतो. चढताना ज्या गिअरमध्ये होतात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी रोखून धरतं आणि ब्रेक वळणापुरते उरतात. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं हा पेट्रोल वाचवायचा जुना खुळचट प्रकार आहे, त्याने गाडीचा ताबा जातो. आणि अरुंद ठिकाणी वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा नियमच आहे. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की त्याला परत हलवणं किती जड जातं ते इंजिनाच्या आवाजावरून कळतं.

रस्त्यावर काय काय पडलेलं असतं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुळशी, भोर, वेल्ह्याकडे भाताची काढणी असते. पेंढा रस्त्यावर आलेला असतो, त्यावर टायर बर्फासारखा सरकतो. भरलेल्या टाकीतून वळणावर सांडलेलं डिझेल उन्हात काळसर इंद्रधनुष्यासारखं चमकतं, आणि हेल्मेटची काच किंचित उघडी असेल तर आधी वासच येतो. वास आला की गाडी सरळ करा, वेग उतरवा. सातारा रस्त्याकडे गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, बरेचदा मागे दिवा नसलेले. पर्यटक थांबतात तिथे माकडं, कारण लोक त्यांना वेफर्स देतात. शेण, सावलीतली ओल, पुलाच्या लोखंडी पट्ट्या.

यातलं काही अचानक चाकाखाली आलंच, तर काही करू नका. ब्रेक नको, थ्रॉटल बंद नको, हँडल आवळू नका. गाडीला सैल हातांनी तो मीटरभर ओलांडू द्या. बहुतेक वेळा ती थोडी हलते आणि सावरते. ही गोष्ट वाचून येत नाही. म्हणून आधीच्या सरावात कडेच्या मातीवर हळू वेगात दोन-चार फेऱ्या मारून ठेवा.

सोबत

एकटे जाऊ नका आणि दहा जणांतही जाऊ नका. दोन-तीन गाड्या बस्स. सगळ्यांत हळू जाणारा दुसऱ्या नंबरवर, आणि पुढचा त्याला आरशात धरून चालवेल. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. वळणावर कोणी कोणाला ओलांडायचं नाही, हे चहाच्या टपरीवरच ठरवा. आमच्या सोबत एक २३ वर्षांचा मुलगा येतो, ‘३९०’ ही ताकदवान बाइक आहे त्याच्याकडे. पहिल्या दिवशी त्याला सांगितलं, ‘बाळा, तू पुढे गेलास तरी भजी आम्ही आल्यावरच मिळणार.’ आता तो मागून येतो आणि माझ्या वळणातल्या चुका सांगतो. त्याची नजर चांगली आहे.

दर पाऊण तासाने थांबा. पाणी प्या, मान फिरवा. लागोपाठ दोन वळणांत अंदाज चुकला, तर तिसऱ्याच्या आधी बाजूला घ्या. थकवा आधी डोळ्यांत येतो, नजर जवळ जवळ येत पुढच्या चाकापाशी पोचते. तसं झालं की त्या दिवसाची वळणं संपली, सरळ रस्त्याने घरी.

घरी आल्यावर

चेन गरम असतानाच तिला ल्यूब मारा, आतपर्यंत मुरतं. पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक हाताने फिरवा, आतल्या बाजूने सावकाश फवारा, रात्रभर राहू द्या. मग टायर बघा. मधल्या पट्ट्याच्या बाजूने कडेकडे जाणारा, किंचित खरखरीत झालेला भाग दिसेल. कडेला बोटभर रबर न वापरलेलं राहिलं असेल तर राहू द्या, रस्त्यावर ते तसंच शिल्लक असायला हवं. खिळा, काच, खडीचा तुकडा अडकलाय का ते बोटाने चाचपडा.

आणि एका वहीत त्या दिवसाची दोन वळणं लिहून ठेवा. एक नीट जमलेलं, एक बिघडलेलं. कुठे बघत होता, कुठला गिअर, ब्रेक कधी सोडला. माझ्या वहीत पाबे घाटातलं ते डावं वळण चार वेळा आलंय. चौथ्या नोंदीत लिहिलंय: दुसरा गिअर, तीसचा वेग, नजर पलीकडच्या आंब्याच्या झाडावर, कठडा दिसलाच नाही.